कॉलेजचा म्युझिक व्हिडिओ: ओठ एकीकडे, गाणं दुसरीकडे! या चुका टाळा

प्रोजेक्टची तारीख जवळ आली की सोलापुरात भुईकोट किल्ल्याच्या आसपास, कंबर तलावाच्या कडेला गिंबल (मोबाईल न हलता धरणारी दांडी) घेऊन फिरणारी पोरं दिसायला लागतात. हौस दांडगी, मोबाईलचे कॅमेरेही आता बरे. तरी एडिटला बसलं की रडारड ठरलेली. चुका दरवर्षी त्याच, आणि त्यातल्या निम्म्यांचं मूळ कॅमेऱ्यात नसतंच. गाणं सेटवर कसं वाजवलं, तिथे असतं.

गाणं पक्कं व्हायच्या आधी शूट

‘रफ मिक्सवर (गाण्याच्या कच्च्या रेकॉर्डिंगवर) करून घेऊ, फायनल नंतर टाकू’ हे वाक्य ऐकलं की समजावं, पुढे भोग आहेत. संगीत करणाऱ्या मित्राने मधल्या काळात टेम्पो, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, ९६ चा ९८ केलेला असतो. कानाला फरक कळत नाही, पण दुसऱ्या कडव्यापर्यंत ओठ मागे पडलेले असतात. असं झालंच असेल तर घाबरू नका. ओठांच्या क्लिपचा वेग १०२ टक्के करा, एवढा फरक डोळ्याला जाणवत नाही. पण मधलं म्युझिक कापून गाणं लहान केलं असेल, तर त्यावर नाचलेले शॉट पुन्हा घेणंच बरं.

ओठ जुळत नाहीत

आधी रोग ओळखा. चूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच असेल, तर क्लिप दोन-चार फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) सरकवा, काम झालं. गाणं तेच असूनही चूक वाढत जात असेल, तर दोष बहुतेकदा फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम टिपल्या त्याचा. बरेच मोबाईल उजेडानुसार फ्रेम रेट कमीजास्त करतात. अशा फाइल्स हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून एकाच स्थिर रेटला बदलून घ्या आणि मगच टाइमलाइनवर टाका.

तिसरा प्रकार फसवा आहे. स्पीकर गाणाऱ्याजवळ, कॅमेरा चाळीस मीटर लांब, आणि एडिटमध्ये कॅमेऱ्यात रेकॉर्ड झालेल्या आवाजावरून जुळवणी. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पंचवीस फ्रेमच्या हिशेबाने दर चौदा मीटरला एक फ्रेम उशीर. लांबच्या शॉटमध्ये तोंड आधी उघडतं आणि शब्द मागून येतो, तो यामुळेच. असे शॉट डोळ्याने जुळवावेत. गाण्याच्या फाइलला सुरुवातीला चार बीप जोडा, प्रत्येक टेकला कॅमेऱ्यासमोर टाळी घ्या. ‘ए बे, गाणं लाव की!’ एवढ्यावर टेक सुरू करू नका.

आणि गायचं ते खरंच गायचं, मोठ्याने. नुसते ओठ हलवणाऱ्याचा गळा हलत नाही, ते लगेच दिसतं. आपल्याकडे गाण्यात एखादं तेलुगू किंवा कानडी कडवं हमखास असतं. ती भाषा न येणाऱ्याने ते पाठ करून भागत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या, ती भाषा घरी बोलणाऱ्या एखाद्या मैत्रिणीसमोर दोनदा म्हणून दाखवा, ती लगेच हसेल तिथे चूक आहे.

स्लो मोशनमध्ये ओठ हवे असतील तर पन्नास फ्रेमने शूट करा आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवा. पंचवीसवर आणलं की चाल संथ आणि ओठ बरोबर. तालीम मात्र लागते, जीभ अडखळते.

मागाच्या शेडमधला शॉट

सोलापूरचा व्हिडिओ म्हटल्यावर यंत्रमाग येणारच. दिसतोही छान: पिंजलेला उजेड, धावता धोटा, खाली उतरत जाणारी चादर. पण तिथे तीन फजित्या होतात. पहिली, चालू मागाच्या खडखडाटात स्पीकर ऐकूच येत नाही. केसांआड एका कानात वायरवाला इअरफोन घाला. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा येतो. दुसरी, ट्यूबलाइटमुळे चित्रात पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. ऑटोवर सोडलंत तर हे पट्टे एडिटमध्ये पुरते जात नाहीत. तिसरी, हवेतला तंतू लेन्सवर बसतो आणि सगळंच धूसर येतं. दर टेकला लेन्स पुसा. जरीचे किंवा बारीक चौकडीचे कपडे घालू नका, पडद्यावर ते नाचतात. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस चालू मागाजवळ अजिबात नकोत.

‘काका, जरा पाच मिनिटं माग बंद करा’ असं सहज म्हणू नका. त्यांची मजुरी बहुतेकदा विणलेल्या मालावर असते, थांबलेल्या मागाची भरपाई कोण देणार? मालकाची परवानगी घ्याच, पण वेळ कामगारांना विचारून ठरवा. जेवणाच्या सुट्टीत ओठांचे शॉट उरकतात, चालू मागाचे शॉट नंतर ओठ न हलवता, नुसते बघत घ्यायचे.

ऊन, किल्ला, ड्रोन

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. दुपारी मोबाईल तापून रेकॉर्डिंग मध्येच थांबतं आणि डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात त्या वेगळ्याच. सकाळी नऊच्या आत आणि पाचनंतर काम करा, एक्सपोजर लॉक करा, म्हणजे चित्राचा उजेड मध्येच कमीजास्त होणार नाही.

भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. ट्रायपॉड आणि दिवे लावायचे तर आधी परवानगी काढा, गेटवर हुज्जत घालण्यात सकाळचा उजेड जातो. ड्रोनचं म्हणाल तर होटगी रोडला विमानतळ आहे. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा डिजिटल स्कायचा सरकारी नकाशा पाहिल्याशिवाय उडवू नका. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत गाणं वाजवून ओठ जुळवायचा नाद सोडा, तिथे फक्त वातावरणाचे शॉट घ्या.

गाणं दुसऱ्याचं असेल तर अपलोड करताच कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. लोकगीताचे शब्द जुने असले तरी कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग त्याचंच असतं. आपल्या गळ्याने, आपल्या हलगीवर नवं करा.

शेवटी लिहायचं ते टिपण

व्हिडिओसोबतच्या अहवालात ‘आम्हाला टीमवर्क शिकायला मिळालं’ हे वाक्य इतक्यांनी लिहिलेलं असतं की परीक्षक ते वाचतच नाहीत. त्यांना हवं असतं ते असं: तिसऱ्या कडव्याला जवळचा शॉट का घेतला, ठरलेली जागा का बदलली, कोणता टेक टाकून दिला. महिन्याभराने हे आठवत नाही. म्हणून शूटच्या दिवशीच, घरी जाताना चहाच्या टपरीवर प्रत्येक टेकपुढे एक ओळ लिहून ठेवा आणि टाकून दिलेल्या क्लिप डिलीट करू नका. तोंडी परीक्षेत त्यातलीच एखादी दाखवून ‘हा शॉट यासाठी वगळला’ असं सांगता येतं.