घेऊ की थांबू? : नव्या गेम्सचे रिव्ह्यू लिहू पाहणाऱ्यांसाठी

मी नागपुरात राहून व्हिडिओ गेम्सवर लिहिते. दिवसा नोकरी, रात्री कन्सोल. कॉलेजातली मुलं-मुली अधूनमधून गाठतात आणि विचारतात, "ताई, हे काम सुरू कसं करायचं?" बहुतेकांच्या मनात फुकटचे गेम आणि खुर्चीत बसून ठोकलेलं मत एवढंच असतं. मत काय, लॉ कॉलेज चौकातल्या टपरीवरही मिळतं. वाचकाची गरज वेगळी असते. मोठ्या कंपनीचा नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो. वर्षाकाठी दोनच गेम परवडणारा त्रिमूर्ती नगरातला मुलगा विचारतो ते एवढंच, की माझ्या घरी जे मशीन आहे त्यावर हा गेम आज घेऊ की थांबू?

कोणतं मशीन आणि कोणता दिवस, हे सोडून केलेली बाकी सगळी समीक्षा हवेत राहते. 'सायबरपंक २०७७' घ्या. १० डिसेंबर २०२० ला तो आला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती, आणि आपण रेकॉर्ड केलेलं फुटेज दाखवायलाही सुरुवातीला मनाई होती. बग आहेत म्हणत म्हणत लोकांनी भरभरून गुण दिले. ते वाचून पीएस४वाल्याने, म्हणजे सोनीचं जुनं प्लेस्टेशन ४ असलेल्याने, पैसे मोजले आणि त्याच्या पदरात अडखळणारा, मधेच बंद पडणारा गेम पडला. आठवडा-दीड आठवड्यात सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून उतरवला. परत आला जून २०२१ मध्ये. पुढे सप्टेंबर २०२३ च्या २.० पॅचने, म्हणजे कंपनीने मागाहून पाठवलेल्या दुरुस्तीने, गेमचं रूपच पालटलं, पण हा पॅच पीसी, पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजपुरता. जुने पीएस४ आणि एक्सबॉक्स वन १.६ च्या टप्प्यावरच मागे राहिले. बर्डीत सेकंड हँड डिस्क स्वस्तात दिसली म्हणून आज कोणी पीएस४साठी ती उचलली, तर २०२३ नंतरची सगळी स्तुती त्याच्या कामाची नाही. त्यात २०२५ च्या जूनमध्ये निन्टेन्डोच्या स्विच २ सोबत हाच गेम हातात धरून खेळायच्या मशीनवरही पोचला. नाव एक आणि माल चार तऱ्हेचा.

म्हणून माझ्या प्रत्येक लेखाच्या डोक्यावर दोन ओळी ठरलेल्या असतात: कोणत्या कन्सोलवर खेळले, कोणत्या मोडमध्ये (चित्र देखणं की हालचाल सफाईदार), कोणता पॅच होता, प्रत विकत घेतली की कंपनीने दिली, आणि गेम पूर्ण केला की नाही. तुम्हीही हीच सवय लावा. संपादक त्या ओळी कापायला बघतो. कापू देऊ नका.

एकाच कंपनीच्या दोन कन्सोलमध्येही फरक पडतो. एक्सबॉक्स सिरीज एस स्वस्त, म्हणून आपल्याकडे अनेकांच्या घरी तोच. त्यात मेमरी १० जीबी, सिरीज एक्समध्ये १६. ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आलेला 'बाल्डर्स गेट ३' एक्सबॉक्सवर डिसेंबरपर्यंत अडकला, कारण एका टीव्हीवर दोघांनी खेळायचा स्प्लिट स्क्रीन सिरीज एसला पेलवत नव्हता. शेवटी ती सोय एसवर वगळूनच गेम आणला गेला. एसवर ती आली थेट एप्रिल २०२५ च्या पॅचमध्ये. तोवर भावासोबत खेळायला म्हणून घेणाऱ्यासाठी ही रिव्ह्यूतली पहिली बातमी होती, आणि मी वाचलेल्या कित्येक लेखांत ती तळाशी कुठेतरी पडलेली होती.

आता मोजायचं कसं? "गेम अटकून राहिला" ही तक्रार सगळे करतात, पण अटकतो म्हणजे नेमकं काय हे सांगणारे थोडे. गेमचं चित्र रेकॉर्ड करणारं महागडं कॅप्चर कार्ड नसलं तरी चालेल, मोबाइल पुरतो. पुस्तकांच्या थप्पीवर फोन टेकवा, स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेम्सवर ठेवा आणि गेममध्ये कॅमेरा हळूहळू एका बाजूला फिरवत दहा-पंधरा सेकंद टीव्हीचं चित्रण करा. मग तो व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. गेम ६० फ्रेम्सवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर (६० एफपीएस), चालत असेल तर पडद्यावरचं प्रत्येक चित्र फोनच्या चार फ्रेम्सपर्यंत टिकतं. ३० वर असेल तर आठ. एलसीडीवर चित्र बदलताना थोडं पुसट होतं, त्यामुळे पडद्याचा एकच कोपरा धरून मोजा. गंमत पुढे आहे. कधी चार, कधी बारा, मग आठ, पुन्हा चार, पुन्हा बारा असं दिसू लागलं, तर सरासरी ३० च भरते, कंपनीचा दावाही खोटा ठरत नाही, पण डोळ्याला गचके बसतात. पीएस४वरचा 'ब्लडबोर्न' हा गेम म्हणून अफाट आहे, आणि ही खोड त्याला पहिल्या दिवसापासून आहे. नुसतं '३० एफपीएस' लिहून हे वाचकापर्यंत पोचत नाही. एक सूचना: काही स्वस्त फोन २४० लिहितात आणि मधल्या फ्रेम्स स्वतः बनवून घालतात. तसा संशय आला तर १२० वर मोजा, आकडे निम्मे धरा.

त्याच फोनने बटणाचा उशीरही कळतो. कंट्रोलर टीव्हीसमोर धरा, अंगठा आणि पडदा दोन्ही एका चौकटीत घ्या आणि बटण दाबल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम्स मोजा. २४० वर एक फ्रेम म्हणजे साधारण चार मिलिसेकंद. हे करण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू आहे का ते बघाच. तो बंद असेल तर टीव्ही चित्र घासूनपुसून मगच दाखवतो आणि तो उशीर गेमच्या माथी मारला जातो. 'क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्सपीडिशन ३३' हा एप्रिल २०२५ चा फ्रेंच गेम आळीपाळीने वार करण्याचा आहे. पण शत्रूचा वार चुकवायला किंवा अडवायला नेमक्या क्षणी बटण दाबावं लागतं. चुकीच्या मोडवरच्या टीव्हीवर तो खेळून "पॅरी (वार अडवणं) अन्यायकारक आहे" लिहिणारे लोक मला भेटलेत. त्यांना गेम कठीण गेला हे खरं, दोष मात्र रिमोटच्या मेनूतला होता.

नागपूरकरांसाठी आणखी एक. पीएस५ साठी सोनीने खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश असावं असं सांगितलंय. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ च्या आसपास, आणि दुपारी वरच्या मजल्यावरची खोली कूलर लावूनही ३५ च्या खाली येईलच असं नाही. अशा दुपारी पंखा घोंघावला, गेम बंद पडला, की मी निकाल राखून ठेवते आणि तोच प्रसंग सकाळी सहाला पुन्हा खेळते. तेव्हाही बंद पडला तर दोष गेमचा. कन्सोल टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नका आणि कूलरच्या थेट झोतातही नको, ती हवा ओली असते. इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं बटण यूपीएस मोडवर टाका, नाहीतर लाइन गेली की इन्व्हर्टर हाती घेईपर्यंत कन्सोल बंद होऊन सेव्ह फाइलचं वाटोळं होऊ शकतं. आणि मग "सेव्ह करप्ट होते" हा बग म्हणून लिहायचा मोह होतो.

लिहिण्याबद्दल. "ग्राफिक्स जबरदस्त, स्टोरी ठीकठाक, गेमप्ले भारी" हे वाक्य कोणत्याही गेमवर चिकटतं, म्हणून ते कोणत्याच गेमचं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आधी स्विचवर आणि दोनेक महिन्यांनी इतर मशीन्सवर आला. त्यावर "आपल्या मातीतला गेम, अभिमान वाटला" एवढंच लिहून अनेकांनी पेन खाली ठेवलं. मी लिहीन ते असं: राजस्थानी हवेल्या आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट डोळ्यांत भरते, कॅमेरा मागे सरकून अख्खा महाल दाखवतो तेव्हा थांबून बघावंसं वाटतं, पण मारामारीत पात्राच्या उड्यांना वजन नाही, आणि गोष्ट रंगात येत असतानाच गेम संपतो. यातून घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येतं. आपल्या माणसांचा गेम आहे म्हणून हात सैल सोडला, तर पुढचा गेम सुधारायला त्यांनाच काही उरत नाही.

गुणांचं काय करायचं? दहापैकी आकडा द्यावाच लागतो, बहुतेक ठिकाणी तशी मागणी असते. माझं त्यावर फार प्रेम नाही. मेटाक्रिटिक ही साइट वेगवेगळ्या समीक्षकांचे हे आकडे वजन लावून एकत्र करते आणि ७५ पासून वर हिरवा रंग देते. या सरासरीवर माणसांचे पैसे अवलंबून राहिल्याचंही उदाहरण आहे: 'फॉलआउट : न्यू व्हेगास' बनवणाऱ्या ऑब्सिडियनला ८५ ला बोनस मिळणार होता आणि गेम ८४ वर थांबला, असं त्यांच्याच ख्रिस अॅव्हेलोनने २०१२ मध्ये सांगितलं. ते आठवून गुण वाढवू नका. फक्त ६ आणि ७ यांतला फरक तुम्हाला तोंडी सांगता यावा, एवढी तयारी ठेवा.

रिव्ह्यू कोड, म्हणजे कंपनीने आधी दिलेली प्रत, नवख्याला मोठ्या गेमची मिळत नाही. मिळते तेव्हा एम्बार्गो असतो: अमुक तारखेच्या अमुक तासाआधी एक अक्षर छापायचं नाही. अटी नीट वाचा, कारण गेमचा अमुक भाग उघड करू नका असंही त्यात असतं. सुरुवात छोट्या स्टुडिओंपासून करा. ते ईमेलला उत्तर देतात. स्टीम या पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात वर्षातून तीनदा होणाऱ्या नेक्स्ट फेस्टमध्ये येऊ घातलेल्या गेम्सचे शेकडो डेमो फुकट मिळतात. सरावाला याहून चांगली जागा मला माहीत नाही. स्टीमवर विकत घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल आणि चौदा दिवस उलटले नसतील तर पैसे परत मिळतात. पण दोन तास खेळून परत केलेल्या गेमवर रिव्ह्यू लिहू नये, हे सांगायला लागू नये.

आधी मिळालेल्या प्रतीत गेमच्या आतलं दुकान, म्हणजे खऱ्या पैशांनी वस्तू घ्यायची सोय, अनेकदा बंद असतं, हा धोका लक्षात ठेवा. 'क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्ड' जून २०१९ मध्ये आला, सगळ्यांनी वाखाणला, आणि ऑगस्टमध्ये त्यात खऱ्या पैशांनी नाणी विकत घ्यायची सोय अवतरली. मार्च २०२४ च्या 'ड्रॅगन्स डॉग्मा २' मध्ये तर विक्रीच्या दिवशीच डझनभर किरकोळ वस्तू पैसे देऊन घ्यायला ठेवलेल्या दिसल्या. समीक्षकांचे गुण वर आणि स्टीमवरचे खेळाडू संतापलेले. त्यामुळे गेम बाजारात आल्यावर दुकानाचं पान एकदा उघडून बघा आणि लेखात तारीख घालून भर टाका.

जाहिरातीचा दबाव हा या धंद्याचा जुना रोग. २००७ मध्ये गेमस्पॉटच्या जेफ गर्स्टमनने 'केन अँड लिंच' ला ६ गुण दिले, त्याच गेमच्या जाहिराती साइटभर लागल्या होत्या, आणि थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली. यामागचं कारण त्याला उघड बोलता आलं ते २०१२ मध्ये. आपल्याकडे एवढं नाट्य होत नाही. इथे कोणीतरी कंट्रोलर भेट पाठवतं आणि "दोन शब्द चांगले लिहा" म्हणतं. भेट घेतली असेल तर तसं लिहा. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या (एएससीआय) २०२१ च्या नियमांनुसार पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या मजकुरावर तसं ठळक सांगावंच लागतं.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. मराठीत फक्त गेम रिव्ह्यूवर घर चालत नाही. हिंदी-इंग्रजीतही मोजक्यांचं चालतं. यातून मिळणारी कामं शेजारची असतात: गेमच्या मेनूचं मराठीकरण, टेस्टिंग, स्टुडिओंसाठी लेखन. नोकरी सोडू नका. निन्टेन्डोवर लिहायचं असेल तर खर्च आणखी वाढतो. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकत नाही, स्विच बाहेरून आणलेला असतो, आणि वॉरंटीचं काय हे दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर. वाचकालाही हे सांगा; गेम कितीही गोड असला तरी मशीन बिघडलं तर ते कुठे न्यायचं हा प्रश्न त्याला पडणारच.

नवख्याने नजर ठेवावी अशी संधी म्हणजे कोणालाच आधी प्रत न मिळालेला गेम. 'हॉलो नाइट : सिल्कसाँग' च्या वेळी तो बनवणाऱ्या टीम चेरीने आगाऊ कोड वाटले नाहीत. ४ सप्टेंबर २०२५ ला संध्याकाळी साडेसातला आपल्याकडे तो खुला झाला, स्टीमसकट मोठाली दुकानं गर्दीने कोलमडली, आणि जगातल्या बड्या संपादकांपासून मानेवाड्यातल्या पोरापर्यंत सगळे एकाच मिनिटाला रांगेत होते. पीएस४पासून स्विच २ पर्यंत सगळीकडे एकदम. अशा वेळी आठवडाभर 'अजून खेळते आहे' असं मथळ्यातच लिहून रोजचं टिपण देता येतं: आज कुठवर पोचले, कुठला बॉस, म्हणजे मोठा शत्रू, किती छळतो, जुन्या स्विचवर कुठे मंदावतो. पूर्ण निकाल नंतर. वाचक थांबतो, कारण तोही तिथेच कुठेतरी त्याच बॉसच्या हातून मरत असतो.