पाणी, पोंटून आणि पाना : राज्य रोइंग स्पर्धेआधीची तयारी

राज्य स्पर्धा आपल्या जिल्ह्यात घ्यायची ठरली की बहुतेकांचा पहिला फोन मंडपवाल्याला जातो. तो नंतर करा. पहिला फोन धरणाच्या शाखा अभियंत्याला. महाराष्ट्रात रोइंगचं वेळापत्रक संघटना कितीही सुबक छापू दे, ते ठरतं कालव्याच्या आवर्तनावर. ऑगस्टअखेर धरण भरलेलं असतं, पण पाणी गढूळ, त्यात वाहून आलेले ओंडके, आणि दरवाजे कधी उघडतील याचा नेम नाही. मार्चनंतर काठ आणि पाणी यांच्यामध्ये नुसता भेगाळलेला गाळ. हाती उरतात ते दिवाळीनंतरपासून जानेवारी संपेपर्यंतचे दिवस, आणि त्यातही विद्यापीठाच्या परीक्षा येतात. फेब्रुवारीत बारावी डोक्यावर. म्हणून तारीख जाहीर करण्याआधी रब्बीचं पाणी कधी सुटणार ते विचारून वहीत लिहून ठेवा.

एका जिल्ह्यात आम्ही हे विचारलं नव्हतं. मध्यम प्रकल्पाचं तळं, काठ ताटासारखा सपाट. सोमवारी पोंटून, म्हणजे बोटीत चढण्या-उतरण्याचा तरंगता धक्का, बांधला, शुक्रवारपर्यंत पाणी वीतभर उतरलं. वीतभर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. सपाट काठावर ती पंधरा पावलं होतात. पोंटूनचं एक टोक गाळात रुतलेलं आणि आठ पोरं आठ जणांची बोट खांद्यावर घेऊन पोटरीभर चिखलात उभी, तोल सांभाळत. त्यातल्या दोघांच्या चपला अजून तिथेच असतील.

परवानगीचा अर्ज लिहिताना एक शब्द जपून वापरा. आपल्याकडे वर्तमानपत्रात रोइंगला ‘नौकानयन’ म्हणतात, शिडाच्या बोटींनाही तेच म्हणतात, आणि कारकुनाच्या डोळ्यांसमोर येते ती पर्यटकांची मोटरबोट. फाइल मग भलत्याच टेबलावर जाऊन बसते. सरळ ‘रोइंग, म्हणजे वल्ह्यांनी चालणाऱ्या, इंजिन नसलेल्या बोटींची शर्यत’ असं लिहा. त्याखाली वेगळ्या परिच्छेदात पंचांच्या आणि बचावाच्या मोटरबोटी किती, ते लिहा. वर ‘इंजिन नाही’ लिहून सकाळी तीन इंजिनं सुरू केलीत तर चौकीदारही अडवतो आणि त्याचं बरोबर असतं. जलसंपदा विभागाबरोबर पोलीस ठाण्याला आणि तहसीलला प्रत द्या. पाणी जायकवाडीसारखं पक्षी अभयारण्यात येत असेल तर आधी वन विभाग. तिथे नकार आला तर हट्ट न करता दुसरं पाणी शोधा.

कागद हातात आले तरी पाणी आपलं होत नाही. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांच्या जाळ्यांचे थर्माकोलचे तुकडे लांबून दिसतात, पण सकाळच्या धुक्यात, पाठ पुढे करून बोट मारणाऱ्या पोराला नाही दिसत. जाळं बोटीच्या तळाच्या फिनमध्ये अडकलं की शर्यत गेली आणि जाळंही फाटलं. आठवडाभर आधी संध्याकाळी संस्थेच्या लोकांना भेटा, चहा प्या, दोन दिवस जाळी कुठे टाकायची नाहीत ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, आणि बचावाच्या बोटींवर त्यांचीच माणसं रोजंदारीने घ्या. तळात कुठे जुन्या गावाची भिंत आहे, कुठे बाभळीचं खोड उभं आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आता मोजणी. आंतरराष्ट्रीय शर्यत २००० मीटर सरळ रेषेत, एकेक लेन साडेतेरा मीटरची. सहा लेन म्हणजे ८१ मीटर रुंदी, शिवाय बोटी परत स्टार्टला नेण्यासाठी कडेने वेगळी वाट. आपली धरणं डोंगरांच्या बेचक्यांत बोटं पसरून बसलेली असतात, त्यामुळे दोन किलोमीटर सरळ पाणी क्वचित सापडतं. म्हणूनच सगळं फिरून पुण्यात, दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या कृत्रिम चॅनेलवर येतं. पुण्याकडे काय नाही! बंडगार्डनचा रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासूनचा, सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचा बोट क्लब १९२८ पासूनचा, आणि लष्कराचं रोइंग केंद्र, आर्मी रोइंग नोड, दापोडीतच. पण प्रत्येक राज्य स्पर्धा तिथेच घेत राहिलो तर लातूर, यवतमाळच्या पोरांना बोट फक्त मोबाइलवर दिसणार. म्हणून जिल्ह्यात घेताना २००० चा हट्ट सोडा. राष्ट्रीय पातळीवरही ५०० मीटरच्या स्प्रिंट होतात. सरळ ५०० मीटर आणि तीन लेन मिळाल्या तरी चांगली स्पर्धा होते. सहा बोटी एकदम सोडण्यापेक्षा तीन-तीन सोडल्या की पंचही कमी लागतात. लेनच्या दोरीला दर दहा मीटरवर बॉय, म्हणजे तरंगते गोळे, आणि नांगर म्हणून खडीने भरलेल्या गोण्या. प्लॅस्टिकची गोणी उन्हाने आधीच जीर्ण झालेली नाही ना, ते बघा.

वारा दहानंतर उठतो. कुठे साडेनऊलाही. सिंगल स्कलची, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायच्या बोटीची, रुंदी माणसाच्या कमरेइतकी. वारा आडवा लागला की नवीन पोरगं पाण्यात गेलंच. म्हणून पहिली शर्यत साडेसहाला आणि शेवटची दहाच्या आत, बाकी दुसऱ्या दिवशी. याचा अर्थ पोहे पाच वाजता तयार पाहिजेत. पोह्यांचं ज्याच्याकडे सोपवाल तो पहाटे उठणारा माणूस हवा, एवढीच त्याची पात्रता.

पोंटून पर्यटकांच्या जेट्टीचा चालत नाही, तो फार उंच असतो. वल्हं त्याच्यावर आपटतं आणि रिगर, म्हणजे वल्हं टेकवायचा बोटीबाहेर आलेला धातूचा हात, खाली अडकतो. पाण्यापासून वीतभर उंचीचा हवा. निळी पिंपं आडवी बांधून वर फळ्या ठोकल्या तरी काम होतं. खिळ्यांची डोकी आत गेली आहेत का, ते अनवाणी चालून बघा, कारण पोरं अनवाणीच चालणार आहेत.

बोटींची वाहतूक हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. सिंगल स्कल आठ मीटरच्या वर लांब आणि वजन नियमाने किमान १४ किलो. म्हणजे धान्याच्या पोत्यापेक्षा हलकी पण छोट्या ट्रकपेक्षा लांब. आठ जणांची बोट सतरा मीटरच्या पुढे जाते, ती बहुधा मधून दोन तुकड्यांत सुटते. बोट उलटी ठेवायची, खाली गादीचे तुकडे, आणि बांधायला रुंद पट्टे. नायलॉनचा दोर वापरू नका. घाटात गाडी हिसकली की दोर बोटीच्या कडेत रुततो आणि फायबरला जी बारीक चीर पडते ती थेट पाण्यात उतरल्यावरच कळते. मागे आलेल्या टोकाला लाल फडकं. रिगर सोडवून प्रत्येकावर चिकटपट्टीने बोटीचा आणि सीटचा नंबर. सीटा जुन्या चादरीत. आणि नट-वॉशर प्रत्येक बोटीचे वेगळ्या डब्यात, श्रीखंडाच्या डब्यासारखा दुसरा डबा नाही. दहाचा आणि तेराचा पाना किमान चार-चार आणा. स्पर्धेच्या सकाळी दहाचा पाना पाचशे रुपयांना विकला तरी लोक घेतील.

बोटी लावून झाल्या की तपासणी. पुढच्या टोकाला रबरी पांढरा चेंडू आहे का? तो शोभेचा नाही. त्याच्याशिवाय ते टोक दुसऱ्या बोटीतल्या माणसाच्या पाठीत भाल्यासारखं घुसेल. बोटीतच पक्क्या बसवलेल्या बुटांच्या टाचांना दोऱ्या आहेत का, आणि त्या आखूड आहेत का? टाच सात सेंटिमीटरपेक्षा जास्त उचलली जाता कामा नये, तरच बोट उलटल्यावर पाय आपोआप सुटतात. इथे ओळख, जिल्हा, मोठ्या क्लबचं नाव, काही पाहू नका. दोरी नाही तर बोट पाण्यात नाही. कॉक्सचं, म्हणजे बोटीत बसून सुकाणू सांभाळणाऱ्याचं, वजन ५५ किलोच्या खाली असेल तर वाळूची पिशवी द्यायची, जास्तीत जास्त १५ किलोची. वजनकाटा किराणावाल्याकडून आणा, पण आदल्या दिवशी दुसऱ्या काट्याशी ताडून घ्या.

पंच कमी पडतात, म्हणून निवृत्त लष्करी माणसांना आधीपासून गाठा. पांढरा झेंडा (शर्यत नीट झाली) आणि लाल झेंडा (आक्षेप आहे), मेगाफोन, सुटे सेल. शर्यत संपल्यावर पंचाने पांढरा झेंडा दाखवेपर्यंत निकाल लाउडस्पीकरवर सांगू नका, नाहीतर लाल झेंडा वर गेला की भांडणं मंडपात होतात.

हे झालं दोन दिवसांचं. पण पोरं आणायची कुठून, याची तयारी वर्षभर आधीची असते, आणि ती जमिनीवरची असते. दत्तू भोकनळ नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचा, तळेगाव रोहीचा, टंचाईच्या पट्ट्यातला. विहिरी खोदण्याची कामं केलेला पोरगा लष्करात गेला, तिथे त्याच्या उंचीकडे कुणाचं तरी लक्ष गेलं, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो सिंगल स्कलमध्ये तेरावा आला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण. म्हणजे धरणाकाठचं गाव शोधत बसू नका. मोजपट्टी घेऊन शाळेत जा. उंची मोजा, मग हात पसरून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा. हातांचा पसारा उंचीपेक्षा जास्त असलेली नववीतली पोरं-पोरी वेगळ्या कागदावर. बोट घेण्याआधी दोन अर्ग घ्या, म्हणजे रोइंगचं यंत्र. लाखाच्या वर जातं, मान्य. पण ते तालमीत, शाळेच्या पडवीत, कुठेही राहतं, त्याला ना परवानगी लागते ना पाणी, आणि दिवसाला चाळीस पोरं त्यावर बसतात. एका सिंगल स्कलवर एक बसतं.

पोहणं आलं पाहिजे, ही अट शिथिल करायची नाही. आम्ही कपड्यांसह ५० मीटर आणि पाच मिनिटं जागच्या जागी तरंगणं बघतो. मुलींचे पालक इथेच अडखळतात, कारण तालुक्यात तलाव असला तरी मुलींची वेळ नसते. ती वेळ मागून घेणं हे रोइंगच्या सचिवाचंच काम आहे, दुसरं कुणी करणार नाही.

सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. कृष्णेत पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात, काठ माणसांनी फुललेला असतो. तिथले खांदे तयारच आहेत, फक्त ते पुढे तोंड करून मारतात आणि आपण पाठ करून. तो फरक पंधरा दिवसांत जातो. कृष्णेतल्या मगरींचं काय करायचं, ते मात्र मला विचारू नका. कोकणानेही आता जागं व्हायला हवं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बीच स्प्रिंट आहे: वाळूवरून धावत येऊन बोटीत उडी, बॉयना वळसे घालत २५० मीटर आत, वळून सरळ परत, आणि पुन्हा धावत जाऊन बझर दाबायचा. बोट रुंद, जड, लाटा सोसणारी. त्याला लेन नको, चॅनेल नको, धरणाचा अभियंता नको. भरती-ओहोटीचं कोष्टक कोळीवाड्यातल्या कुठल्याही घरात तोंडपाठ असतं. मालवण, दापोली, अलिबाग इथे एकेक बोट ठेवली तर पुण्याला न विचारता कोकणाचा स्वतःचा संघ उभा राहील, असं मला वाटतं. पुण्यातल्या काही मित्रांना वाटत नाही.

प्रमाणपत्रं. पालकांना पदकापेक्षा याचीच काळजी असते, आणि ती रास्त आहे. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. नावात वेलांटी चुकली, जन्मतारीख दाखल्याशी जुळली नाही, तर पाच वर्षांनी तो पोरगा तुमच्या दारात उभा राहतो. म्हणून प्रवेशिका शाळेच्या दाखल्यावरून भरा, पोराला वाचून दाखवा, सही घ्या. स्पर्धेचा निकाल, किती संघ, कोणती शर्यत, हे सगळं सही-शिक्क्यानिशी दोन फायलींत ठेवा, एक स्वतःच्या घरी.

बक्षीस समारंभाला पाहुणे उशिरा येतात. त्यांची वाट बघत बोटी उन्हात ठेवू नका. पदकं मिळालेल्यांना मंडपात बसवा, बाकीच्यांना बोटी गोड्या पाण्याने पुसायला लावा, रिगर उतरवा, डबे भरा, आणि ट्रेलर निघण्याआधी प्रत्येक डब्यातले नट मोजा. एक कमी निघाला तर पोंटूनच्या फळ्यांमध्ये बघा, तिथेच असतो.