कॉलरा: पुरानंतर घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वडोदऱ्यातल्या घरांत शिरलं. ते ओसरल्यावर आम्ही सगळ्यांनी आधी फरशा घासल्या, गाद्या उन्हात टाकल्या. जमिनीखालच्या टाकीचं झाकण मात्र बऱ्याच जणांनी उघडूनच पाहिलं नाही. पुराचं पाणी टाकीत गेलं असेल, तर वरून नवं पाणी सोडून भागत नाही. टाकी पूर्ण उपसा, तळचा गाळ काढा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिंती घासा, मग भरा.

नळाला थेट मोटर लावणं ही त्याहून वाईट सवय. पाणी ठरावीक वेळ येतं, एरवी पाइपात दाब नसतो. अशात मोटर ओढू लागली की पाइपाला जिथे चीर असेल तिथून शेजारच्या गटाराचं पाणी आत खेचलं जातं, आणि ते गल्लीतल्या कुणाच्याही हंड्यात पडू शकतं. पाणी आधी आपल्या टाकीत पडू द्या, मोटर तिथून वर चढवायला वापरा.

तुरटी फिरवल्याने पाणी नितळ होतं, जंतू मरत नाहीत. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर उकळू द्या. क्लोरीनची गोळी टाकली असेल तर अर्धा तास थांबा. आणि प्यायचं पाणी ओगराळ्यानेच काढा, पेला बुडवू नका. बाहेरची पाणीपुरी या दिवसांत नकोच. 2018 च्या जुलैत इथल्या महापालिकेने तिच्या विक्रीवर बंदी आणली होती.

आता ओआरएस, म्हणजे जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात एका काकूंनी लिटरचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं. "घट्ट केलं की लवकर ताकद येते गं," म्हणाल्या. नातवाने पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं. मी पेला काढून घेतला, कारण इतकं खारट पाणी अंगातलं पाणी उलट आतड्यात ओढतं. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी मोजून घ्या, चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना असंच मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून पाजलं, आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आलं. तरीही "पाणी पाजलं की जुलाब वाढतात" म्हणून लेकराला कोरडं ठेवणारी घरं आजही आहेत. कृपा करून असं करू नका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्याने पाजा. अंगावरचं दूध चालू ठेवा. जुलाब बांधणारी गोळी मनाने देऊ नका.

जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके होऊ लागले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर सावकाश बसू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. कॉलऱ्यात काही तासांत जीव जातो. रात्री दोन वाजता असले तरी दवाखान्यात न्या, वाटेतही ओआरएस पाजत राहा.