वसईच्या मोहिमेसाठी खारफुटीची दलदल

1737 ते 1739 या काळातील मराठ्यांची वसईची मोहीम 28 मिलिमीटरच्या मिनिएचरवर, म्हणजे सैनिकांच्या छोट्या मूर्ती घेऊन मेजावर युद्धखेळ म्हणून, खेळायची असेल, तर तटबंदीइतकेच लक्ष खाडीकाठच्या दलदलीकडे द्यायला हवे, कारण उत्तर कोकणात सैन्याच्या हालचाली खाड्या आणि चिखल यांनीच बांधलेल्या असत. बहुतेकांचा सारा खर्च आणि सारी हौस पाण्यावर जाते. माझ्या मते दलदल खरी वाटते ती चिखलामुळे, म्हणून पाणी शेवटी आणि थोडेच घ्यावे.

प्रथम भरती दाखवायची की ओहोटी, हे ठरवावे. उधाणाला या किनाऱ्यावर पाण्याच्या पातळीत 4 मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे या मूर्तींच्या 1:56 या प्रमाणात सुमारे 7 सेंटिमीटर. एवढी खोली मेजावर दाखवणे अवघड असते. ओहोटी निवडली, तर चिखल उघडा पडतो, मधून एखादा अरुंद ओहोळ वाहतो आणि सैनिकांना उभे राहायला जागाही मिळते.

पायासाठी 3 ते 5 मिलिमीटर जाडीचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला पाट) घ्यावा, त्याच्या कडा उतरत्या घासाव्यात आणि दोन्ही बाजूंना रंगाचा हात द्यावा. एकच बाजू रंगवली, तर पाट वाकतो. वॉल पुट्टी, फेविकॉल, बारीक चाळलेली रेती आणि गडद तपकिरी ॲक्रिलिक रंग एकत्र मळून त्याचा 2-3 मिलिमीटरचा थर द्यावा. रंग आधीच मिसळलेला असला, की पुढे टवका उडाला तरी पांढरे दिसत नाही. थर ओला असतानाच ओल्या ब्रशने ओहोळाच्या दिशेने बारीक चऱ्या ओढाव्यात. त्या एकमेकींना मिळत मोठ्या व्हायला हव्यात, कारण ओहोटीचे पाणी चिखलातून असेच निथळते. टाचणीच्या टोकाने खेकड्यांची बिळेही याच वेळी पाडून घ्यावीत.

खाडीचा चिखल शेतातल्या चिखलासारखा तांबूस नसतो. तो करडा आणि खालच्या थरात जवळजवळ काळा असतो. ओहोळाजवळ गडद रंग आणि चकचकीत वॉर्निश, मध्ये अर्धवट चमक, आणि भरतीच्या रेषेच्या वर फिकट, पूर्ण मॅट जमीन, असा क्रम ठेवावा. सगळीकडे सारखी चमक दिली, तर चिखल प्लास्टिकसारखा दिसतो.

तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वसनमुळे, म्हणजे हवेसाठी चिखलातून वर येणारी मुळे, हा या कामाचा प्राण आहे. ती खोडापासून निघालेल्या आडव्या मुळांवर ओळीने उगवतात, म्हणून कुठेही न टोचता खोडाभोवती किरणांसारख्या ओळींत लावावीत. जुन्या टूथब्रशचे केस 4-5 मिलिमीटर लांबीचे कापले, तर जाडी आणि उंची दोन्ही प्रमाणात बसतात. कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या झाडासाठी जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळून खोड करावे आणि खालची टोके सोडवून आधारमुळांच्या कमानी वाकवाव्यात. पानांना स्पंजचा रंगवलेला चुरा चालतो, तर काठाच्या गवताला काथ्या.

ओहोळाचा तळ मध्यभागी गडद आणि काठाशी फिकट रंगवून तो वॉर्निशने पूर्ण बंद करावा, कारण बारीकशा भोकातूनही रेझिन झिरपते किंवा आतली हवा बुडबुडे होऊन वर येते. इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर उत्पादकाने दिलेल्या प्रमाणातच, हातमोजे घालून, हवेशीर जागेत मिसळावेत. खाडीचे पाणी गढूळ असल्याने त्यात तपकिरी ॲक्रिलिकचा अगदी छोटा थेंब शोभतो. थर 2-3 मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत पृष्ठभागावर ढगाळ साय येऊ शकते, म्हणून हे काम कोरड्या दिवसासाठी ठेवावे. ओहोळ उथळ असेल, तर चकचकीत वॉर्निशचे अनेक पातळ हातही पुरतात आणि धोका कमी राहतो.

झाडे मात्र पाटाला कायमची चिकटवू नयेत. ती छोट्या चकत्यांवर बसवावीत, म्हणजे सैनिक हलवताना उचलून ठेवता येतात. सैनिकाच्या पायाखालचा 25 मिलिमीटरचा बेस सपाट बसेल अशा जागा मुळांच्या मधून मोकळ्या सोडाव्यात आणि कोणत्या चिखलात चाल निम्मी होते व कोणता ओहोळ पार करता येत नाही, हे रंगाच्या फरकावरूनच दोन्ही खेळाडूंना ओळखता येईल असे पाहावे.