ऑनलाइन डायनॅस्टीत रिक्रूटिंगची मर्यादा ठरवताना या चुका टाळा

‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५’ या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये ऑनलाइन डायनॅस्टी असते: प्रत्येकजण एकेका कॉलेज संघाचा कोच होऊन अनेक सीझन संघ चालवतो. तीत ३२ जण खेळू शकतात. दोन-तीन सीझननंतर त्यातली माणसं गळायला लागतात, कारण चांगले रिक्रूट (शाळेतून कॉलेजात येणारे नवे खेळाडू) मोजक्या दोघा-तिघांकडे साचलेले असतात. मग लीग चालवणारा कमिशनर घाईघाईने नियम काढतो: ‘वर्षाला प्रत्येकी तीनच फाइव्ह-स्टार’, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचे रिक्रूट. आमच्या लीगचाही हाच नियम होता, आणि तो पहिल्याच वर्षी फसला.

फक्त आलेले खेळाडू मोजणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आमच्या एका मित्राकडे दोन फाइव्ह-स्टार आधीच आले होते आणि आणखी दोघांना त्याची स्कॉलरशिपची ऑफर होती. आठवडा अ‍ॅडव्हान्स झाला, म्हणजे गेममधला पुढचा आठवडा सुरू झाला, आणि दोघांनीही एकदमच होकार दिला. झाले चार! त्याने लबाडी केलेली नव्हती. रिक्रूटचं मन भरलं की तो आपणहून कमिट करतो, कोचला तेव्हा कुणी विचारत नाही. तरी ग्रुपवर रात्रभर भांडण झालं. म्हणून आता आम्ही ऑफर मोजतो. आलेले आणि ऑफर दिलेले मिळून तीन. एखादा दुसरीकडे गेला, तरच पुढच्याला ऑफर. अ‍ॅडव्हान्सआधी प्रत्येकाने आपल्या बोर्डाचा (ज्यांच्या मागे आहोत त्या रिक्रूटच्या यादीचा) स्क्रीनशॉट कमिशनरला पाठवायचा. ग्रुपवर टाकायचा नाही, नाहीतर आपले बेत सगळ्यांना कळतात. कमिशनरचा बोर्ड दुसऱ्या एका सदस्याने तपासायचा.

फक्त स्टार बघणं. स्काउटिंग, म्हणजे पारख, केल्यावर एखादा थ्री-स्टार ‘जेम’ (दिसतो त्याहून चांगला) निघतो, तर एखादा फोर-स्टार ‘बस्ट’ (फुसका). त्यामुळे स्टारच्या जोडीला वर्षाच्या एकूण रिक्रूटवरही मर्यादा हवी. खऱ्या कॉलेज फुटबॉललाही आकड्यावरच बंधन घालावं लागलं. प्रतिस्पर्ध्याला मिळू नये एवढ्यासाठी मोठी कॉलेजं खेळाडू घेऊन बाकावर बसवायची. १९७३मध्ये एका संघाच्या स्कॉलरशिपची मर्यादा १०५ झाली, १९७८मध्ये ९५ आणि १९९४पर्यंत ८५. वर्षाला २५ नव्या खेळाडूंची मर्यादाही अनेक वर्षं होती. आम्ही तोच २५चा आकडा घेतला आहे.

ट्रान्सफर पोर्टल विसरणं. दुसऱ्या कॉलेजातले खेळाडू इथून आपल्याकडे घेता येतात. शाळेतून येणाऱ्यांवर बंधन आणि पोर्टल मोकळं, असं असेल तर हुशार खेळाडू सगळी कसर तिथे भरून काढतो. पोर्टलचा आकडा वेगळा लिहा.

सगळ्यांना एकच माप लावणं. रिक्रूटच्या मागे घालवायला अलाबामासारख्या बड्या कॉलेजला मिळणारे तास आणि केंट स्टेटसारख्या छोट्या कॉलेजला मिळणारे तास यांत मोठी तफावत असते. केंट स्टेट घेऊन चार-पाच सीझन घाम गाळणाऱ्याला एखाद्या वर्षी चार फाइव्ह-स्टार मिळाले, तर ते त्याने कमावलेले आहेत, असं मला मनापासून वाटतं. छोट्या कॉलेजांना मर्यादा नको. मात्र दर ऑफसीझनला प्रेस्टीज, म्हणजे गेममधला संघाचा दर्जा, बघा. संघ मोठा झाला की त्यालाही नियम लागू.

लीगमध्ये आठ-दहाच माणसं असतील तर फार कडक होऊ नका. तुम्ही सोडलेले फाइव्ह-स्टार कॉम्प्युटर चालवत असलेल्या जॉर्जिया, ओहायो स्टेटसारख्या बड्या संघांकडे जातात, आणि त्यांच्याशी मग तुम्हालाच खेळायचं असतं.

सीझन चालू असताना नियम बदलू नका. शिक्षाही आधीच लिहून ठेवा. आमच्याकडे एक जादा झाला तर पुढच्या वर्षीचे दोन कमी होतात. आलेल्या खेळाडूला काढायला लावत नाही.