नारळ फोडण्याआधी: कमी कार्बनच्या घराची तयारी

नकाशा मंजुरीला टाकण्याआधी घरातल्यांना एकत्र बसवा आणि वर्षातून चार दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळी खोली हवीच का, ते ठरवून टाका. जी खोली बांधलीच नाही तिला सिमेंट लागत नाही. एवढी मोठी बचत पुढे कुठेच सापडणार नाही.

मग आरसीसी कन्सल्टंटला, म्हणजे घराच्या सांगाड्याचं गणित करणाऱ्या इंजिनिअरला गाठा. घर बैठं असेल तर कॉलम न घेता भिंतींवरच स्लॅब टाकता येईल का, विचारा. कोकणात जांभ्याचे चिरे आहेत, देशावर काळा दगड. फक्त भूकंपासाठी लिंटेलचा, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरचा, आरसीसी पट्टा सोडू नका, कोयनेच्या आसपास तर मुळीच नाही.

सिमेंटचं मात्र बारकाईने बघा. चुनखडी साधारण 1450 अंशांवर भाजून क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा मुख्य घटक, बनतो आणि त्यात सुटणारा निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड इंधनातून नव्हे, खुद्द चुनखडीतून येतो. म्हणून क्लिंकर कमी असलेलं पोतं घ्यायचं. पीपीसीत (पोर्टलँड पॉझोलाना सिमेंट) 15 ते 35 टक्के औष्णिक केंद्रातली राख असते. ठेकेदार 53 ग्रेडचं ओपीसीच (साधं पोर्टलँड सिमेंट) मागेल, कारण त्याला सेंटरिंग, म्हणजे काँक्रीटला दिलेला तात्पुरता आधार, लवकर काढून दुसऱ्या साइटवर न्यायचं असतं. पीपीसीला ताकद सावकाश येते; सेंटरिंग किती दिवस ठेवायचं ते कन्सल्टंटकडून लिहून घ्या आणि करारातच घाला. पाणी किमान 10 दिवस मारायचं, जमलं तर 14. स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात, ते सगळ्यांना दिसतं. हयगय होते ती कॉलमची. त्यांना बारदान गुंडाळा आणि ते हाताला कोरडं लागलं की पाणी मारायचं, हे वॉचमनला बजावून ठेवा. बोअर आटतो त्या एप्रिल-मेमध्ये स्लॅब येणार नाही असंच वेळापत्रक आखा.

भिंतींना राखेच्या विटा घ्या, त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत. पश्चिमेच्या खिडक्या लहान, वर छज्जा; गच्चीवर पांढरं चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी), म्हणजे घर कमी तापेल. एसीने खाल्लेलं विजेचं एक युनिट म्हणजे आजही सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड.

गच्चीचा नकाशा वेगळा काढून घ्या. तीन किलोवॉट सोलरला साधारण 300 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. वास्तुवाले टाकी नैर्ऋत्येला सांगतात आणि दुपारनंतर तिचीच सावली पॅनेलवर येते. हा वाद स्लॅब पडण्याआधी मिटवा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. वायरचा पाइप गच्चीपासून मीटरपर्यंत गिलाव्याआधीच टाकून ठेवा, नाहीतर नवी भिंत फोडावी लागेल.