जर्मनीत नोकरी शोधायला यायचंय? मग निघायच्या आधीचं वर्ष नीट वापरा

दर दोन-तीन आठवड्यांनी गावाकडून कुणाचा ना कुणाचा मेसेज येतो, दादा जर्मनीला यायचंय, काय करू, आणि त्याच्या मागोमाग दुसरा मेसेज, राजीनामा टाकू का. प्रत्येकाला तेच तेच सांगतो म्हणून आज एकदाच सगळं लिहून काढतोय. मी मेकॅनिकलवाला, आधी चाकणला होतो, आता सहा वर्षं झाली स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो, त्यामुळे इंजिनिअर लोकांबद्दल जास्त लिहीन, नर्सिंगवाल्यांसाठी पुढे थोडं आहे.

तर राजीनामा आत्ता टाकू नका. जर्मनीने १ जून २०२४ पासून शान्सनकार्टे म्हणून व्हिसा चालू केलाय, हातात नोकरी नसताना इथे येऊन शोधायला जास्तीत जास्त एक वर्ष मिळतं. ऐकायला भारी वाटतं, पण ते वर्ष म्हणजे चालू मीटर आहे. २०२५ पासून महिन्याला १,०९१ युरो या हिशोबाने वर्षाचे १३,०९२ युरो दाखवावे लागतात, म्हणजे साधारण १३ लाख रुपये, ते ब्लॉक खात्यात आधीच भरून ठेवायचे आणि इथे आल्यावर दर महिन्याला ठरलेलीच रक्कम हातात येते. आता या वर्षातले पहिले चार महिने तुम्ही भाषेच्या क्लासला, कागद गोळा करायला आणि सीव्ही दुरुस्त करायला घालवले तर चार-साडेचार लाख नुसते भाड्यात आणि खाण्यात गेले, आणि हे सगळं काम घरी बसून आईच्या हातचं जेवून झालं असतं. म्हणून म्हणतो, जे तिकडे होऊ शकतं ते तिकडेच संपवून या.

पहिलं काम डिग्रीचं. अनाबिन नावाचा जर्मन सरकारचा ऑनलाइन डेटाबेस आहे, त्यात तुमचं विद्यापीठ शोधा. कॉलेज नाही हं, डिग्रीवर ज्या विद्यापीठाचं नाव छापलंय ते. त्याच्यापुढे एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, असं असेल आणि तुमची डिग्रीही यादीत बरोबरीची म्हणून दिसत असेल तर दोन्ही पानांची प्रिंट काढून फाइलला लावा, काम झालं. डिग्री सापडत नसेल तर झेडएबी या संस्थेकडून तुलनेचं प्रमाणपत्र घ्यायचं, फी २०८ युरो. ज्यांची डिग्री पूर्ण बरोबरीची धरली जाते त्यांना शान्सनकार्टेसाठी गुणांची भानगड लागत नाही. बाकीच्यांना ६ गुण जमवावे लागतात, आणि त्याआधी किमान ए१ जर्मन किंवा बी२ इंग्लिश लागतंच (या भाषेच्या पातळ्या आहेत, ए१ सगळ्यात खालची, मग ए२, बी१, बी२ अशा वर जातात). वय ३५ च्या आत असेल तर २ गुण, शिक्षणाशी जुळणारा दोन वर्षांचा अनुभव असेल तर २, पाच वर्षांचा असेल तर ३, जर्मन ए२ ला १, बी१ ला २, बी२ ला ३. म्हणजे बघा, गुणांतसुद्धा भाषाच तुम्हाला वर काढते.

भाषेबद्दल जरा मोठं बोलतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. "आयटीत इंग्लिश चालतं" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय, बर्लिन म्युनिकच्या काही कंपन्यांत चालतं पण त्या जागांवर अख्खं जग अर्ज करतं. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल, ऑटोमेशन यात शॉपफ्लोरवरचा माणूस जर्मनच बोलतो, ड्रॉइंगवरच्या टिपा जर्मनमध्ये असतात, सेफ्टीचं ट्रेनिंग जर्मनमध्ये असतं. बी१ होऊन या, जमलं तर बी२. नोकरी सांभाळून ए१ ते बी१ ला दहा-बारा महिने धरा. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला विद्यापीठाचं परदेशी भाषांचं डिपार्टमेंट आहे, लहान गावात असाल तर ऑनलाइन क्लास करा पण परीक्षा गोएथेची (मॅक्सम्युलर भवन म्हणजे तेच) किंवा तसल्याच मान्य संस्थेची द्या, नुसतं क्लासचं सर्टिफिकेट चालत नाही. आणि परीक्षेच्या तारखा भराभर भरतात म्हणून क्लास संपायच्या आधीच तारखेवर लक्ष ठेवा. रोज अर्धा तास मोठ्याने वाचा, लाजू नका. मी ए२ वर आलो होतो आणि पहिल्या इंटरव्ह्यूत तीन माणसं समोर बसून भराभर बोलत होती, मला एवढंच कळलं की प्रश्न विचारून झालाय. ती नोकरी मला मनापासून हवी होती.

दुसरं, अनुभवाचं पत्र. आपल्याकडे कंपनी दोन ओळी लिहून देते, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तन चांगलं, झालं. जर्मनीत अनुभवाच्या पत्रात काय काम केलं, कोणती मशीन, कोणतं सॉफ्टवेअर, हाताखाली किती माणसं, कसं केलं हे सगळं असतं आणि एचआरवाले ते बारकाईने वाचतात. माझ्या जुन्या कंपनीने असंच दोन ओळींचं दिलं होतं, नंतर इथून मेल करून करून सविस्तर पत्र मिळवायला तीन महिने गेले, तोवर ओळखीचे मॅनेजरही सोडून गेले होते. तुम्ही अजून आत आहात, मॅनेजरशी संबंध चांगले आहेत, तोवरच मसुदा स्वतः लिहून न्या आणि लेटरहेडवर सही शिक्का घेऊन ठेवा.

सीव्ही दोन पानं, सगळ्यात अलीकडची नोकरी वर, मध्ये गॅप असेल तर काय करत होतात ते एका ओळीत सरळ लिहा. जन्मदाखल्यावरचं वडिलांचं नाव, धर्म, पासपोर्ट नंबर असलं काही टाकू नका. सीव्ही, छोटं पत्र, सर्टिफिकेटं असं सगळं एकाच पीडीएफमध्ये करून पाठवायचं.

अर्ज तिकडूनच सुरू करा, हे फार महत्त्वाचं. भारतात बसून ऑफर मिळाली तर शान्सनकार्टे लागतच नाही, सरळ ब्लू कार्ड, म्हणजे डिग्रीवाल्यांसाठीचा नोकरीचा परवाना. २०२६ साठी त्याची पगाराची अट वर्षाला ५०,७०० युरो आहे, इंजिनिअरिंग, आयटी अशा टंचाईच्या कामांना आणि नुकत्याच पास झालेल्यांना ४५,९३४.२० युरो. आयटीवाल्यांना तर डिग्री नसली तरी गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा तसा अनुभव असेल तर चालतं. मेक इट इन जर्मनी हे सरकारी पोर्टल आहे, रोजगार खात्याचं जॉब पोर्टल आहे, शिवाय स्टेपस्टोन आणि लिंक्डइन. फक्त वेळेचा अंदाज ठेवा, इथे मार्चमध्ये अर्ज केला तर जूनमध्ये उत्तर आलं यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मध्ये दोन आठवडे झाले की एक साधा मेल टाका, रोज फोन करू नका.

आणि कुठे अर्ज करायचा, तर सगळे मोठ्या कार कंपन्यांच्या मागे धावतात. त्या क्षेत्रात सध्या दिवस चांगले नाहीत, फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी करार करून २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त जागा कमी करायचं ठरवलंय, सप्लायर कंपन्याही माणसं कमी करतायत. चाकण, सातपूर, वाळूजच्या पोरांना वाटतं आपला अनुभव गाड्यांचा, मग दुसरीकडे कोण घेणार, पण घेतात. टूलिंग, क्वालिटी, पीएलसी, वेल्डिंग फिक्स्चर हे सगळीकडे लागतं. रेल्वे, वीज ग्रिड, हीट पंप, पॅकेजिंग मशीन, मेडिकल उपकरणं बघा. टुटलिंगन नावाचं लहानसं शहर आहे आमच्या इकडे, ऑपरेशनची हत्यारं बनवणाऱ्या शेकडो कंपन्या तिथे आहेत, आपल्याकडे कुणी नावही ऐकलेलं नसतं. लहान शहरात भाडं कमी, अर्ज करणारे कमी, आणि भाषा आपोआप सुधारते कारण इंग्लिश बोलायला कुणी नसतं.

नर्सिंगवाल्यांचं वेगळं. तिथे मान्यता घेतल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. बहुतेक राज्यांत बी२ जर्मन लागतं, कागद तपासून जो फरक निघेल तो परीक्षेने किंवा इथल्या हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंग करून भरून काढायचा, आणि तोवर सहायक म्हणून कमी पगारावर काम करावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्याची नावनोंदणी वगैरे सरकारी साइटवरच बघा, कुणाच्या फॉरवर्डवर जाऊ नका.

एजंटबद्दल कळकळीने सांगतो. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला लागतो, सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर त्याचा नंबर तपासता येतो, आणि कायद्याने तो तुमच्याकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. माझ्या मित्राच्या धाकट्या भावाने "गॅरंटीड जर्मन जॉब" म्हणून एकाला साडेचार लाख दिले, शेतीवर कर्ज काढून, ऑफर लेटर आलं ते खोटं निघालं. व्हिसाची फी ७५ युरो आहे, कागद स्वतः भरता येतात, त्यात लाखो रुपयांचं काहीही नाही.

आता इथे उतरल्यावर. घर मिळणं नोकरीइतकंच अवघड आहे. आधी एखादी खोली शेअरिंगमध्ये बघा, आणि घर न बघता आधी डिपॉझिट मागणाऱ्याला एक युरोही देऊ नका, "मी लंडनला असतो, चावी कुरिअरने पाठवतो" हा ठरलेला फ्रॉड आहे. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त नसतं. खोली घेताना मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा की पत्ता नोंदवायला सहीचा कागद देणार का, कारण राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद करावी लागते आणि घरमालकाच्या त्या कागदाशिवाय ती होत नाही. ती झाली की काही आठवड्यांत टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो. पोस्टानेच येतो, म्हणून पहिल्याच दिवशी लेटरबॉक्सवर स्वतःचं नाव चिकटवा, नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. माझ्या रूममेटचं बँकेचं कार्ड असंच दोनदा परत गेलं होतं.

नोकरी शोधताना आठवड्याला २० तासांपर्यंत पार्टटाइम काम करता येतं, २०२६ पासून किमान मजुरी तासाला १३.९० युरो आहे. गोदामात, बेकरीत, कुठेही करा, त्यात कमीपणा नाही, उलट बोलायची सवय होते. पण संध्याकाळ आणि शनिवारचं काम घ्या, इंटरव्ह्यू दिवसा असतात. हेल्थ इन्शुरन्स मात्र तिकडूनच घेऊन या, त्याच्याशिवाय एक दिवसही राहू नका.

ऑफर आली की आकडा ब्रुटो, म्हणजे टॅक्स आणि इन्शुरन्स कापायच्या आधीचा, असतो हे लक्षात ठेवा. वर्षाला ५०,००० युरो, एकटा माणूस, तर हातात महिन्याला साधारण २,६०० ते २,७०० येतात. पहिले सहा महिने प्रोबेशन, त्यात दोन्हीकडून दोन आठवड्यांच्या नोटिशीवर सुटता येतं, म्हणून तेवढ्यात गाडी, मोठं फर्निचर, घरच्यांसाठी मोठं कर्ज असं काही अंगावर घेऊ नका. भारतातलं लायसन्स इथे सहा महिनेच चालतं, नंतर थिअरी आणि ड्रायव्हिंग दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, त्याचा खर्च हजारो युरोंत जाऊ शकतो, तो धरून ठेवा.

आणि परतीच्या तिकिटाचे पैसे त्या १३,०९२ मध्ये धरू नका, वेगळ्या खात्यात ठेवा आणि ते खातं कुठलं हे घरात एका माणसाला सांगून ठेवा. आठव्या महिन्यापर्यंत इंटरव्ह्यूची एकही दुसरी फेरी झाली नसेल तर घरच्यांना तेव्हाच सांगा, शेवटच्या आठवड्यात नाही. इथे काही पोरं मी पाहिलीत, घरी सांगायची हिंमत नाही म्हणून व्हिसा संपायच्या आदल्या रात्रीपर्यंत व्हिडिओ कॉलवर नोकरी लागल्याचं बोलत होती. माझा नंबर ज्यांच्याकडे आहे त्यांनी अशा वेळी सरळ फोन करायचा, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.